घुराब ताऱ्याची पाळी

आमच्या सिदैर गावात लग्न ठरवताना माणूस आईला विचारायचा आणि पाणी घेताना मुहन्ना बिन रशूदला. आईचा सल्ला फसल्याची उदाहरणं गावात घरटी एक निघतील. मुहन्नाचा सल्ला फसला असं मात्र कुणी सांगत नसे.

आमच्याकडे जमीन एकाची आणि पाणी दुसऱ्याचं, यात कुणाला नवल वाटत नाही. डोंगराच्या पोटातून जमिनीखालच्या पाटाने पाणी येतं, त्याला आम्ही फलज म्हणतो. या फलजच्या पाण्याच्या पाळ्या वाटून दिलेल्या आहेत, दर आठव्या दिवशी साधारण अर्धा तास अशी एक पाळी. ती विकता येते, विकत घेता येते, मुलीला आंदण देता येते. पाणी नसलेली जमीन आमच्याकडे फुकट दिली तरी लोक घ्यायला कां-कू करतात. दिवसाच्या पाळ्या मशिदीच्या अंगणातल्या खांबाच्या सावलीवर मोजत. सूर्य बुडाला की ताऱ्यांवर. पश्चिमेच्या डोंगरामागे एक तारा गेला की एकाची पाळी सुरू, दुसरा गेला की ती संपली आणि पुढच्याची सुरू. हे बापजाद्यांपासून चालत आलेलं होतं आणि त्यात काही खोट असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पाळी घ्यायची तर माणूस मुहन्नाकडे यायचा. मुहन्ना ओट्यावर बसवून घ्यायचा आणि आधी शेत विचारायचा. शेत मोघ्यापासून, म्हणजे पाटाचं पाणी जिथून फोडतात तिथून, किती लांब? वाटेत पाट मातीचा की लिंपलेला? खजूर आहे की नुसता लसूणघास? मग उठून एक वाळकी खजुराची काडी पाटात सोडायचा आणि तिच्या बरोबरीने चालायला लागायचा. काडी शेतात पोचेपर्यंत जेवढा वेळ जाईल, तेवढी पाळी वाटेतच मेली. हे कळायला शहाणपण लागत नाही, पण पैसे मोजताना माणसाचं शहाणपण कुठे जातं देव जाणे. मुहन्ना नेहमी म्हणायचा की तुम्ही पाणी विकत घेत नाही, वेळ विकत घेता. त्या वेळात पाणी किती येईल ते डोंगर ठरवतो. आणि तुमच्या आधीची पाळी कुणाची ते बघा, कारण पाण्याबरोबर तो शेजारीही विकत येतो.

कुवेतहून कमाई करून आलेला बखीत एकदा एकदम तीन पाळ्या घ्यायला निघाला होता. खालच्या अंगाला, जिथे फक्त चांगल्या वर्षी गहू-लसूण होतो, तिथे त्याला उसाचा मळा करायचा होता. मुहन्ना त्याच्याबरोबर काडी सोडून चालला, शेवटी पोचला आणि म्हणाला, “पाणी घे आणि ऊस मशिदीच्या गच्चीवर लाव. इथे दुष्काळात पहिलं पाणी बंद होतं.” बखीत रुसला, एक पाळी कमी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी पाट आटला तेव्हा एक बोकड घेऊन आला. मुहन्नाने बोकड घेतला नाही. सल्ल्याचं तो काहीच घेत नसे.

त्याच्याकडे स्वतःचं पाणी एक थेंबही नव्हतं. बापाकडून आलेली पाळी त्याने तरुणपणीच विकली होती. ज्याचं स्वतःचं पाणी आहे तो दुसऱ्याच्या पाण्याबद्दल खरं कसं बोलेल, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आलं हे खरं. बायको लवकर गेली, मूल नव्हतं, तारे बघायचं कामही गावाने त्याच्याकडेच दिलं होतं. त्यावर त्याचं पोट चालायचं.

त्याचं म्हणून जगात एकच माणूस होतं, धाकटी बहीण जुवैना. तिचा नवरा मसऊद लिंबाची चाळीस झाडं लावून झांजिबारला व्यापाराला गेला आणि तिथेच तापाने वारला. मुलगी मत्रहला दिलेली. जुवैना त्या चाळीस झाडांत राहायची म्हटलं तरी चालेल. दहा ओळी, ओळीत चार झाडं. लिंबं वाळवून काळी झाली की निझव्याच्या बाजारात पाठवायची, त्यावर घर चालायचं. पण झाडांना स्वतःचं पाणी नव्हतं. मशिदीच्या वाट्याच्या पाळ्यांचा दर शुक्रवारी लिलाव व्हायचा, त्यात मुहन्ना बहिणीच्या नावाने बोली लावायचा. मिळाली तर मिळाली. न मिळाली त्या आठवड्यात जुवैना झाडांना तोंड दाखवायला लाजायची.

अशात घुराब ताऱ्याची पाळी कायमची विकायला निघाली. घुराब हा आमच्याकडचा उन्हाळ्यातला तारा. उन्हाच्या ऐन दिवसांत, लिंबाचा जीव कासावीस होतो तेव्हा, इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर तो डोंगराआड जायचा. ‘घुराबचं पाणी गोड’ असं म्हातारे म्हणत, पण का ते कुणी विचारत नसे. मुहन्नाला माहीत होतं. एक सबंध उन्हाळा त्याने वेगवेगळ्या शेतांत किती आळी भरतात ते मोजलं होतं. इतर बहुतेक ताऱ्यांच्या पाळीत ज्या पाटाने सात ओळी भिजायच्या, त्याच पाटाने घुराबच्या पाळीत दहा भिजायच्या. कारण साधं होतं. घुराबनंतरचा तारा शिखरामागे न जाता बाजूच्या खिंडीत उतरायचा, आणि खिंड खोल असल्यामुळे तो बुडायला वेळ लावायचा. त्याच्याही नंतरचा मात्र उंच कड्याआड लवकर जायचा. म्हणजे घुराबवाल्याला जेवढं जास्त, तेवढंच त्याच्या पुढच्याला कमी.

तो पुढचा म्हणजे हुमैद. त्याच्या चार ओळींपुढे कधी भिजत नसत. त्याला वाटायचं आपला पाट गळतो. त्याने चुना आणि माती कालवून सगळा पाट दोनदा लिंपून काढला. दुसऱ्या खेपेला मुहन्ना तिथून जात होता, हुमैदने त्याला बसवून खजूर दिले आणि विचारलं की गळती कुठे असेल रे. मुहन्ना म्हणाला, दिसत तर नाही. खरंच दिसत नव्हती. ती गळती आभाळात होती.

मुहन्नाने जुवैनाला सांगितलं, ही पाळी घे. तिच्याजवळ लग्नातली चांदी होती, पैंजण, गळ्यातली सरी आणि केसांच्या साखळ्या. चांदी पेटीत तरी राहते, पाणी वाहून जातं, असं म्हणून ती दोन दिवस अडून बसली. मुहन्नाने तिला बागेत नेलं, ओळी मोजून दाखवल्या आणि सांगितलं की दहाच्या दहा भिजतील, एकही कोरडी राहणार नाही. ते पाणी जास्तीचं कुठून येतं हे त्याने सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. भाऊ सांगतोय म्हटल्यावर काय विचारायचं? तिने चांदी विकली.

अकरा वर्षं दहाच्या दहा ओळी भिजल्या. झाडं अशी दाटली की आत शिरताना डोकं वाकवावं लागायचं. मुहन्ना संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा, जुवैना कॉफी आणायची, आणि दोघं जास्त काही बोलायची नाहीत. आयुष्यात आपण एक काम चोख केलं असेल तर ते हे, असं मुहन्नाला त्या सावलीत बसलं की वाटायचं. मला आजही त्याचा त्या एका गोष्टीसाठी राग येतो, आणि त्याची दयाही येते.

मग घड्याळं आली. अबूधाबीला कामाला गेलेली पोरं मनगटावर बांधून आली आणि त्यातलं एक हुमैदच्या मुलाने, रुमैहने आणलं. बाप मेला होता, पाळी आता त्याची होती. सगळा उन्हाळा तो मोघ्यावर घड्याळ घेऊन बसला. घुराबची पाळी पाऊण तासाला येऊन भिडत होती आणि त्याची स्वतःची सोळा-सतरा मिनिटांत संपत होती. तो थेट फलजच्या कारभाऱ्याकडे, शेख मुसल्लमकडे गेला. दुपारच्या नमाजानंतर बैठक भरली. रुमैहचं म्हणणं एवढंच होतं की यापुढे सगळ्या पाळ्या घड्याळावर, सगळ्यांना सारखी अर्ध्या तासाची.

म्हाताऱ्यांना घड्याळ नको होतं. कालचं पोर मनगटावर डबी बांधून येतं आणि आभाळाला खोटं ठरवतं, असा एकूण सूर होता. रुमैहच्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली कोण देतं, तारा काय किल्लीवर चालतो का, असं कुणीतरी म्हणालं आणि बैठक हसली. बाजू रुमैहच्या हातून गेलीच होती. शेख मुसल्लमने शेवटचं म्हणून मुहन्नाकडे पाहिलं.

“मुहन्ना, तारे तू बघतोस. हा पोरगा म्हणतो त्यात काही तथ्य आहे का?”

तारे बापजाद्यांचे आहेत, एवढं तो म्हणाला असता तरी पुरे होतं. खोटंही बोलावं लागलं नसतं. बैठक उठली असती, आणि घुराब आणखी वीस वर्षं जुवैनाच्या लिंबांवर बुडत राहिला असता. त्या बैठकीत निम्मी माणसं अशी होती की ज्यांनी मुहन्नाच्या शब्दावर आपली जमापुंजी पाण्यात घातली होती. ती सगळी त्याच्याकडे बघत होती, आणि बहिणीचा विचार सोडून त्याला दुसरा विचार सुचत नव्हता. तरी तो बोलला.

“खरं आहे त्याचं. घुराबची पाळी जवळजवळ दीडपट आहे. पुढची तेवढी तोकडी. मला पहिल्यापासून माहीत आहे.”

रुमैह जिंकला होता, पण त्याचं तोंड उतरलं.

“पहिल्यापासून?” तो म्हणाला. “म्हणजे माझा बाप पाट लिंपत होता तेव्हाही, काका? तेव्हा तू काठावर बसून त्याचेच खजूर खात होतास.”

त्या दिवशी ठरलं की यापुढे घड्याळ. मशिदीच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ लागलं आणि आभाळ बघायचं मुहन्नाचं काम संपलं.

संध्याकाळी तो जुवैनाकडे गेला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. आमच्याकडे बातमीला पाटाची गरज लागत नाही. जुवैना बागेत होती. तिने कॉफी आणली नाही. बसही म्हणाली नाही.

“दादा, मला ही पाळी घ्यायला लावलीस तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“ते जास्तीचं पाणी हुमैदचं आहे, हे?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस.”

“नसतंच घेतलं,” जुवैना म्हणाली. “अकरा वर्षं हुमैदची बायको माझ्याशेजारी बसून धुणं धुते. मी तिला लिंबं द्यायचे, ओंजळभर. ती मला दुवा द्यायची. तिच्याच पाण्यावरची लिंबं मी तिला दान करत होते, दादा.”

मुहन्नाने खाली बघत आपला हिशेब सांगायला सुरुवात केली, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. आता अर्धा तास पाणी मिळेल, त्यात सात ओळी भिजतील. मोघ्यापासून सगळ्यात लांबच्या तीन ओळी सोडून द्याव्यात, आत्ताच तोडाव्यात, म्हणजे उरलेल्या सात जगतील. बोलता बोलता तो थांबला. त्या लांबच्या तीन ओळी मसऊदने आधी लावल्या होत्या. पाटाचं तोंड तेव्हा त्या बाजूला होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी जुवैनाने स्वतः डोक्यावरून पाणी आणून ती बारा झाडं जगवली होती.

“तुझा हिशेब बरोबरच असेल,” जुवैना म्हणाली. “तो नेहमीच बरोबर असतो. पण मला तो आता नको.”

तिने एकही झाड तोडलं नाही. सात ओळींचं पाणी तिने दहा ओळींना दिलं, थोडं थोडं, कुणाला डावं-उजवं न करता. एका अर्थाने तिचं काय चुकलं? पण झाडाला अर्धं पाणी देणं म्हणजे त्याला हळूहळू मारणं, हे मुहन्नाला माहीत होतं आणि तो काही करू शकत नव्हता. शुक्रवारच्या लिलावात त्याने तिच्या नावाने बोली लावली, तर तिचा निरोप आला की माझ्या नावाने बोलू नकोस. त्याने रुमैहला गाठून आठवड्याला दहा मिनिटं तरी सोड म्हणून विनवलं. रुमैह भला माणूस, तो तयार झाला आणि सांगायला स्वतः गेला. जुवैनाने त्याला बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं की बाळा, मी आधीच तुझं फार पाणी घेतलंय.

पहिल्या उन्हाळ्यात फळ गळालं. दुसऱ्या उन्हाळ्यात सगळ्यात आतली पानं पिवळी पडली, आणि ती एका ओळीची नाही, दहाही ओळींची. मुहन्ना रोज बागेच्या भिंतीबाहेरून जायचा. आत जायची हिंमत होत नसे. भिंतीवरून फांद्या दिसायच्या, त्यांतून पलीकडचा डोंगर दिसायला लागला तेव्हा त्याने तो रस्ता सोडला. घरी येऊन तो रडायचा, हे शेजाऱ्यांना ऐकू यायचं. गावात मात्र त्याचा मान दुप्पट झाला. सख्ख्या बहिणीच्या विरुद्ध बोलला, म्हणजे हा माणूस खोटं बोलणारच नाही, असं लोक म्हणायचे आणि लांबच्या गावांहूनही पाणी विचारायला यायचे. तो त्यांना सांगायचा की मला पाण्यातलं कळत नाही. लोकांना तो नम्रपणा वाटायचा. लोकांना काय काय वाटतं!

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याआधीच जुवैनाने चाळीसही झाडं तोडून सरपणाला दिली आणि मत्रहला मुलीकडे जायचं ठरवलं. पाळी विकायला काढली. घेणारा रुमैहच होता. पाटाला पाट लागून, वाटेत काही मरणार नाही. मुहन्नाला विचारलं असतं तर त्यानेही तेच सांगितलं असतं. त्याला कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे बाई पाणी विकते तेव्हा कागदावर तिच्या वतीने घरचा पुरुष उभा राहतो. नवरा नसेल तर मुलगा, मुलगा नसेल तर भाऊ. भाऊ त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहत असताना जुवैनाने बांग देणाऱ्या म्हाताऱ्या सुलैयमला उभं केलं. सुलैयम दोनदा मुहन्नाकडे येऊन गेला, म्हणाला की मला हे बरं दिसत नाही, तू तिला समजाव. मुहन्ना म्हणाला की तिने सांगितलंय तसं कर.

कागद मशिदीच्या ओसरीत झाला. लिहिणारा निझव्याहून आला होता, आमच्या गावात नवा. जुवैना दाराआड बसली होती, पडद्याखालून तिच्या पायांची बोटं तेवढी दिसत होती. पाळी किती वेळाची हे सांगायला पाणी जाणणारा एक साक्षीदार लागतो, म्हणून शेख मुसल्लमने मुहन्नाला बोलावलं. त्याने सांगितलं, अर्धा तास, दर आठव्या दिवशी. लिहिणाऱ्याने ते लिहिलं आणि साक्षीदाराचं नाव विचारलं.

“मुहन्ना बिन रशूद.”

लिहिणाऱ्याने वर बघितलं. वरच्या ओळीत त्याने नुकतंच जुवैना बिंत रशूद, म्हणजे रशूदची मुलगी, असं लिहिलं होतं. “तुम्ही विकणाऱ्या बाईंचे कोण?” त्याने विचारलं. “नातं असेल तर लिहावं लागतं.”

मुहन्ना दाराकडे बघत राहिला. रुमैह, सुलैयम, शेख मुसल्लम, सगळेच दाराकडे बघत होते. एक शब्द आला असता तर पुरला असता, आणि ती देईल असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. आतून काही आलं नाही. पडद्याखालची बोटं तेवढी आत ओढली गेली.

“कुणी नाही,” मुहन्ना म्हणाला. “मी पाणी मोजतो.”

लिहिणाऱ्याने तसं लिहून घेतलं.